प्राणी पाळण्यापूर्वी

सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम सीमेजवळ, माळशिरस तालुक्यात, फलटणहून पंढरपूरला जाणाऱ्या मार्गावर नातेपुते हे गाव आहे. पश्चिमेकडे शिखर शिंगणापूरचे डोंगर, उत्तरेकडे नीरा नदीचे खोरे आणि कालव्याच्या पाण्यावर वाढलेले उसाचे मळे, असा हा परिसर. आषाढी वारीस निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी बरडचा मुक्काम आटोपून नातेपुत्यास येते व येथे मुक्काम करते. अशा रहदारीच्या गावात माणसांना उसंत कमीच मिळते. कोणी पहाटेच्या एस. टी.ने कामावर निघतो, कोणी साखर कारखान्यात पाळीवर जातो, कोणी दुकान उघडतो, तर कोणी उसाला दारे धरीत रात्रभर शेतात जागतो. मुले सकाळी शाळेत जातात ती संध्याकाळीच परततात.

तरीही अशा घरांतील मुलांना एखादा प्राणी आपल्याजवळ असावा, असे वाटतेच. शेजाऱ्याच्या अंगणात कुत्रीची पिले खेळू लागली की त्यांतील एखादे उचलून घरी न्यावे, हा मोह कोणास होत नाही? हा मोह वाईट नाही. आपल्याहून वेगळ्या जिवाविषयी वाटणाऱ्या ओढीतूनच माणसाच्या मनात दया उपजते. एका कुत्र्याने भाकरी पळवली, तेव्हा ती कोरडी खाऊ नये म्हणून संत नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही कथा पंढरपूरच्या वाटेवरील प्रत्येक गावात सांगितली जाते. परंतु मुलांनो, दया आणि पालन यांत एक फरक आहे. दया क्षणभराची असू शकते. पालन मात्र रोजचे असते. रस्त्यावरच्या पिलाला आज भाकरीचा तुकडा घातला, तर ती दया झाली. तेच पिलू घरी आणले, तर उद्या, परवा आणि पुढे दहाबारा वर्षे त्याच्या पोटाची, निवाऱ्याची आणि दुखण्याखुपण्याची जबाबदारी आपल्यावर येते. म्हणून प्राणी निवडण्यापूर्वी आपला दिवस कसा जातो, हे नीट पाहिले पाहिजे.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपण पैशाच्या बाबतीत म्हणतो. वेळेच्या बाबतीतही तेच खरे आहे. समजा, एका घरात वडील कारखान्यात काम करतात, आई शाळेत शिकवते आणि दोन मुले शाळेत जातात. सकाळी सर्वांची घाई असते. दहा वाजता दाराला कुलूप लागते, ते पाच-साडेपाचला उघडते. म्हणजे रोज सात-आठ तास त्या घरात कोणीच नसते. आता दुसरे घर पाहू. तेथेही मिळवती माणसे दिवसभर बाहेरच असतात. परंतु आजोबा ओसरीवर बसलेले असतात आणि आजी परसात वावरत असते. दोन्ही घरे सारखीच कामात गुंतलेली आहेत, तरी दोहोंना एकच प्राणी मानवणार नाही. आपल्या घरी सकाळी किती वेळ मोकळा असतो, संध्याकाळी किती असतो, घर किती तास रिकामे राहते आणि घरच्या माणसांपैकी खरोखर कोण काम करणार आहे, या चार प्रश्नांची उत्तरे आधी कागदावर लिहून काढावीत.

यानंतर प्राण्याची बाजू पाहावी. प्रत्येक प्राण्याला अन्न, पाणी, स्वच्छ जागा आणि आजारात औषध लागते. याखेरीज काहींना सोबतही लागते, आणि ती नसली की पोट भरलेले असूनही ते झुरतात.

सोबतीची सर्वांत अधिक गरज असते ती कुत्र्याला. माणसाच्या सहवासात आलेला हा पहिला प्राणी. लांडग्यांच्या कुळातून निघून तो हजारो वर्षांपूर्वी, शेतीचा शोध लागण्याच्याही आधी, माणसाजवळ येऊन राहिला. लांडगे कळपाने राहतात. कुत्रा आपल्या घरच्या माणसांनाच आपला कळप समजतो. म्हणूनच घर दिवसभर बंद असले की तो भुंकतो, दार ओरबाडतो, वस्तू फाडतो. लोक त्याला खोडकर म्हणतात. वास्तविक तो एकटा पडलेला असतो. लहान पिलाला दिवसातून तीन-चार वेळा खाऊ घालावे लागते. मोठ्या कुत्र्याला दोन वेळा अन्न आणि दोन वेळा चांगले फिरणे हवे असते. सोलापूर, लातूर या भागांत कारवानी नावाची कुत्र्यांची जात प्रसिद्ध आहे. लांब पाय, निमुळते तोंड आणि सडपातळ अंग असलेला हा कुत्रा शिकारीमागे धावण्यासाठीच जणू घडला आहे. त्याला दिवसभर खुंट्याला बांधून ठेवणे म्हणजे धावणाऱ्या पायांना शिक्षाच होय. प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्या देशात १९६० साली झाला. बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे हिंडू-फिरू न देणे, ही त्या कायद्यात क्रूरताच मानली आहे.

कुत्रा पाळणाऱ्याने आणखी एक कर्तव्य कधीही विसरू नये. ते म्हणजे पिसाळण्याच्या रोगाविरुद्धची लस. पिलू सुमारे तीन महिन्यांचे झाले की पशुवैद्याच्या सल्ल्याने त्यास लस टोचून घ्यावी आणि पुढेही ती वेळच्या वेळी देत जावी. या रोगाची लक्षणे माणसात एकदा दिसू लागली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिस येथे लुई पाश्चर यांनी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास आपली लस देवविली आणि तो वाचला. तेव्हापासून या भयंकर रोगापासून बचावाचा मार्ग माणसाच्या हाती आला. कुत्रा किंवा मांजर चावल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि विलंब न लावता दवाखाना गाठावा. चावल्याची गोष्ट भीतीने लपवून ठेवणे हे जिवावर बेतू शकते.

मांजराचा स्वभाव निराळा आहे. त्याचे रानटी पूर्वज एकट्याने शिकार करणारे होते. शेतीचा शोध लागल्यावर धान्याच्या कणग्यांभोवती उंदीर जमले आणि उंदरांच्या मागोमाग मांजर माणसाच्या वस्तीत आले. ते दिवसातील बारा ते सोळा तास झोपून काढते, आपले अंग आपणच चाटून स्वच्छ ठेवते आणि मालकावाचून काही तास सहज राहते. म्हणून दिवसभर बाहेर राहणाऱ्या कुटुंबाला कुत्र्यापेक्षा मांजर अधिक सोयीचे पडते. मात्र मांजर दुधावर जगते, ही समजूत चुकीची आहे. पुष्कळशा मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. मांजर मुळात मांसाहारी असल्याने त्याला मांस-मासळीचे अन्न लागते. नुसत्या दूध-भाकरीवर त्याचे पोषण होत नाही. ज्या घरात असे अन्न आणणे मानवत नाही, त्या घराने याचा आधीच विचार करावा. मांजराला वर्षातून दोन-तीन वेळाही पिले होऊ शकतात; ती कोणी सांभाळावयाची, हा प्रश्न पुढे उभा राहतो. पशुवैद्याकडून नसबंदी करून घेतली तर तो उद्भवत नाही.

परसात थोडी जागा असेल, तर कोंबड्या पाळता येतात. सकाळी खुराड्याचे दार उघडले की गावठी कोंबड्या दिवसभर उकिरडा उकरीत, किडे व दाणे टिपीत हिंडतात आणि दिवस मावळताच आपल्या पायांनी परत येतात. त्यांना एकमेकींची सोबत असते. माणसाने सकाळ-संध्याकाळ दाणापाणी द्यावे, खुराडे झाडावे आणि अंधार पडण्यापूर्वी दार पक्के लावावे, म्हणजे मुंगूस किंवा बोका यांचे भय राहत नाही. अंडी घालून खुडूक बसलेली कोंबडी २१ दिवसांनी पिले बाहेर काढते. हे जवळून पाहण्यासारखे नवल आहे. मानमोडीचा रोग आला की खुराडीच्या खुराडी रिकामी होतात. म्हणून त्याची लस टोचून घ्यावी. कामाचा बोजा मोठा नसला, तरी सायंकाळचे दार लावण्याचे काम एकदाही चुकवून चालत नाही.

शेळी ही मात्र घरी माणूस असणाऱ्यांनीच पाळावी. उस्मानाबादी जातीची शेळी आपल्या भागात सर्वत्र दिसते. ती काटक असते, तिला पुष्कळदा जुळी करडे होतात आणि तिचे दूधही मिळते. परंतु शेळी हा कळपातील प्राणी आहे. एकटी बांधली की ती दिवसभर ओरडत राहते. तिला चारावयास न्यावे लागते, झाडपाला आणावा लागतो. वर सांगितलेल्या दुसऱ्या घरात, जेथे आजोबा ओसरीवर असतात, तेथे दोन शेळ्या सुखाने नांदतील आणि आजोबांनाही विरंगुळा होईल. मात्र त्यांना ते काम झेपेल काय आणि आवडेल काय, हे आधी त्यांनाच विचारावे. घरातील वडील माणसांवर आपल्या हौसेचे ओझे लादणे योग्य नाही.

दिवसभर कुलूपबंद राहणाऱ्या पहिल्या घरास सर्वांत सोयीचे पडतात ते मासे. काचेच्या पेटीतील गप्पी मासे आकाराने लहान, दिसावयास सुंदर आणि काटक असतात. ते अंडी न घालता थेट पिलांनाच जन्म देतात. डासांच्या अळ्या ते आवडीने खातात. म्हणूनच हिवताप व डेंग्यू यांचा प्रसार रोखण्यासाठी हौदांत व डबक्यांत आरोग्य खाते हे मासे सोडीत असते. माशांना दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य घालावे. जास्त घातले की ते तळाशी कुजते, पाणी नासते आणि मासे मरतात. आठवड्यातून एकदा पेटीतील सुमारे एक चतुर्थांश पाणी बदलावे आणि नळाचे पाणी एक दिवस उघड्या भांड्यात ठेवून मगच वापरावे. हे सारे रविवारच्या सकाळी अर्ध्या तासात होते. मासे नकोसे झाले, तरी ते ओढ्यात किंवा नदीत सोडून देऊ नयेत. गप्पी मासा हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील आहे. तो आपल्या पाण्यात वाढला, तर येथील माशांना त्रास होतो.

काही प्राणी मात्र कितीही मोकळा वेळ असला तरी पाळू नयेत. ऊसतोडीच्या वा कापणीच्या वेळी रानात सशाचे पिलू सापडते, झाडाच्या ढोलीत पोपटाची पिले दिसतात, नाल्याच्या काठी पाठीवर चांदण्या असलेले कासव आढळते. यांपैकी एकालाही घरी आणू नये. पोपट, मैना, रानातला ससा, कासव हे वन्य प्राणी आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्यांना पकडणे व पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. सशाचे पिलू एकटे दिसले, तरी ते सोडून दिलेले असतेच असे नाही. मादी दिवसभर दूर राहते आणि अंधार पडल्यावर पिलाला पाजावयास येते. त्याला जेथल्या तेथे राहू देणे, हीच त्याच्यावर खरी माया होय.

आता राहिला परगावी जाण्याचा प्रश्न. काही कुटुंबे आषाढात दिंडीबरोबर चालू लागतात, काही उन्हाळ्यात गावोगावच्या लग्नांना जातात. मोठे, निरोगी मासे तीन-चार दिवस खाद्यावाचून राहू शकतात. कोंबड्यांना व मांजराला रोज कोणीतरी पाहावेच लागते. कुत्र्याला तर ओळखीच्या माणसाजवळच ठेवावे लागते. तेव्हा प्राणी आणण्यापूर्वीच शेजाऱ्यांशी याविषयी बोलून ठेवावे. घरची मंडळी बाहेरगावी जाताना ज्याला रस्त्यावर सोडून देण्यात येते, त्या प्राण्याला अन्न शोधण्याची सवय उरलेली नसते. तो त्याच दारापाशी पुनःपुन्हा येऊन बसतो. आपला प्राणी असा उपाशी टाकून देणे, हाही वर सांगितलेल्या १९६० च्या कायद्याने गुन्हा ठरविला आहे.

निवड योग्य आहे की नाही, हे प्राणी आणण्याआधीच पडताळून पाहण्याची एक सोपी रीत आहे. पंधरा दिवस रोज सकाळी अर्धा तास लवकर उठावे आणि संध्याकाळी अर्धा तास राखून ठेवावा. त्या वेळात शेजाऱ्याचा गोठा झाडावा, त्याच्या कुत्र्याला फिरवून आणावे किंवा त्याच्या कोंबड्यांना दाणापाणी करावे. परीक्षेच्या दिवसांत, पावसात आणि कंटाळा आला असतानाही हे काम न चुकता झाले, तर तुम्ही प्राणी पाळण्यास योग्य झालात. चार दिवसांतच आळस आला, तर आपल्या घरी आज प्राण्यासाठी वेळ नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

ज्याच्या घरी प्राणी नाही, त्यालाही प्राण्यांवर प्रेम करता येते. सोलापूर जिल्ह्यात वैशाखात पारा चाळीस अंशांच्या वर चढतो. त्या दिवसांत अंगणात सावलीला मातीचे पसरट भांडे ठेवून त्यात रोज ताजे पाणी भरले, तर चिमण्या, साळुंक्या, बुलबुल आणि खारी त्यावर येतात. त्यांना पिंजरा लागत नाही. त्या आपल्या वेळेला येतात व आपल्या वेळेला जातात. आपण करावयाचे काम एवढेच, की सकाळी शाळेत जाण्यापूर्वी ते भांडे घासावे आणि पुन्हा भरून ठेवावे.