बालकांची वस्त्रे : निवड, शिवण आणि धूपन

पावसाळा सुरू झाला की वसई, नालासोपारा, विरार या पट्ट्यातील आमच्या बाह्यरुग्ण विभागात तान्ह्या मुलांच्या त्वचाविकारांचे प्रमाण वाढते. मानेच्या वळ्या, काखा, जांघा आणि कमरेची नाडी जिथे रुतते ती रेघ, या ठिकाणी लाली, पुरळ, क्वचित स्राव. आम्ही दोष-दूष्यांचा विचार करतो, मातेचा आहार विचारतो, स्तन्यदुष्टी तपासतो, लेप लिहून देतो. मात्र बालकाच्या अंगावर जे वस्त्र अहोरात्र असते त्याला हात लावून पाहण्याचे बहुधा राहूनच जाते. हा दोष आमच्याही पदरी आहे, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

पाच महिन्यांच्या एका बालकाच्या बाबतीत आम्ही तीन आठवडे लेप बदलत राहिलो, उपशय मिळेना. चौथ्या भेटीत आजीने झबले उतरवले, तेव्हा पुरळाची सीमा आणि झबल्याच्या अस्तराची सीमा तंतोतंत एकच असल्याचे ध्यानात आले. कापड सुती म्हणून कटपिसातून घेतलेले होते. अस्तराचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळला, तो वितळला आणि त्याचा कडक काळा मणी झाला. अस्तर पॉलिस्टरचे होते. जुन्या मलमलीची झबली घालू लागल्यावर त्या बालकाला वेगळ्या औषधाची गरज उरली नाही.

हा विषय आपल्या शास्त्राला नवा नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या जातिसूत्रीय अध्यायात, कुमारागाराच्या वर्णनानंतर बालकाची शय्या, आस्तरण व प्रावरण यांचे गुण सांगितले आहेत: ती मृदू, लघु, स्वच्छ व सुगंधी असावीत, घाम, मळ, जंतू, मलमूत्र यांनी दूषित झालेली वर्ज्य करावीत. त्यापुढील विधान आम्हांस फार व्यवहारी वाटते. दुसरी वस्त्रे मिळणे शक्य नसेल तर तीच उत्तम धुऊन, धूपन करून, पूर्ण कोरडी झाल्यावर वापरावीत असे आचार्य म्हणतात. सुश्रुतांनी नवजाताला क्षौमवस्त्रात गुंडाळून क्षौमाच्याच शय्येवर निजवण्यास सांगितले आहे. क्षौम म्हणजे अतसीच्या, अर्थात जवसाच्या धाग्याचे वस्त्र, असा अर्थ प्रचलित आहे. काही जण रेशीम असाही घेतात. आमच्या मते गुण महत्त्वाचा, धागा नव्हे. स्वेद शोषणारे, वारा खेळू देणारे आणि त्वचेवर न घासणारे वस्त्र हवे.

वसईच्या दमट किनारी हवेत या गुणांना विशेष अर्थ आहे. येथे घाम सुकतच नाही, आणि वजनाच्या मानाने तान्ह्या मुलाच्या त्वचेचा विस्तार प्रौढाच्या दुपटीहून अधिक असतो. म्हणून उन्हाळ्यात व पावसाळ्यात मलमल, व्हॉइल किंवा विरळ विणीचे होजिअरी. थंडीत त्याच कापडाचे दोन थर. बारशाला किंवा बाप्तिस्म्याला नायलॉनची जाळी व सॅटिन यांचा झगा हौसेने घालतात. हौसेला आमचा विरोध नाही. त्याखाली बाही असलेले सुती झबले घालावे आणि विधी आटोपताच झगा उतरवावा, एवढेच सांगणे. ‘बांबूचे कापड’ म्हणून हल्ली जे महाग विकले जाते ते बहुधा व्हिस्कोज, म्हणजे रासायनिक प्रक्रियेने लगद्यापासून काढलेला धागा असतो. ते मऊ असते हे खरे. पण बांबूच्या औषधी गुणांची जाहिरात त्याला लागू पडत नाही.

नालासोपारा आणि वालीव परिसरातील शिलाईच्या लहान कारखान्यांतून उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. पलीकडे भिवंडीचे यंत्रमाग, उत्तरेला तारापूरची औद्योगिक वसाहत. कापडाला आपल्याकडे तोटा नाही. परंतु तुकड्यावर धाग्याचे नाव नसते, की कोणता रंग वापरला तेही कळत नाही. काही अ‍ॅझो रंगांपासून कर्करोगजनक अमाइन निर्माण होऊ शकतात. अशा रंगांवर केंद्र सरकारने १९९७ साली निर्बंध घातले. सुरकुत्या न पडणाऱ्या कापडावरील प्रक्रियेत फॉर्मॅल्डिहाइड येते. जपानने १९७३ च्या कायद्यान्वये दोन वर्षांखालील मुलांच्या कपड्यांत ते जवळजवळ नसावेच असा दंडक घातला. आपल्या मातांना प्रयोगशाळा कोठून मिळणार? तेव्हा घरगुती परीक्षा सांगाव्यात. पांढरा ओला रुमाल कापडावर दहा-बारा वेळा घासावा. रंग उतरला तर ते कापड बाळाच्या तोंडाशी जाऊ देऊ नये, कारण या वयात झबल्याची कड चोखली जातेच. पाण्याचा थेंब टाकावा. तो कापडावर तसाच थांबला तर खळ तरी आहे किंवा धागा कृत्रिम. धाग्याची जळती परीक्षा मुलापासून दूर, ओट्यावर करावी: सुताला जळक्या कागदाचा वास येतो व मऊ राख पडते, रेशीम-लोकरीला केस जळाल्याचा वास येतो.

कोरे कापड रात्रभर भिजवून पाण्यातून काढावे आणि मगच बेतावे. खळ जाते, सुटा रंग जातो व आटायचे ते आटून जाते. शिवताना जाड शिवण बाहेरच्या बाजूस घ्यावी. बटणांऐवजी पुढे बांधायचे आखूड बंद बरे. मानेशी लांब नाडी मात्र नको, ती अडकून गळफास बसू शकतो. टिचबटणातील निकेलने काही मुलांना संपर्कजन्य पुरळ उठतो. टिकल्या, मणी, सैल बटणे श्वासमार्गात जाऊ शकतात. हातमोजे व पायमोजे उलटे करून पाहावेत. आतला सुटा धागा बोटाभोवती गुंडाळला गेला तर रक्तप्रवाह थांबतो, आणि बालक केवळ रडते म्हणून आपण पोटदुखीचा विचार करत बसतो. कारण न सापडणाऱ्या रडण्यात हातापायांची वीसही बोटे पाहावीत.

आता ज्यासाठी औषधविक्रेत्या बंधूंचे लक्ष वेधायचे आहे तो मुद्दा. थोरल्या भावंडाचा बाळंतविडा, म्हणजे झबली, टोपडी, कुंची, दुपटी, ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवतात आणि धाकट्याच्या जन्मानंतर थेट वापरायला काढतात. या गोळ्यांतील नॅप्थलीन हुंगण्याने व त्वचेतून शरीरात जाते. ज्या बालकाच्या रक्तपेशींत जी-सिक्स-पी-डी हे विकर जन्मतः कमी असते, त्याच्या पेशी त्यामुळे झपाट्याने फुटतात. कावीळ वाढून मेंदूला इजा पोहोचू शकते. ग्रीसमधील वैद्यकांनी १९६३ साली अशा नवजातांची नोंद प्रसिद्ध केली. हा दोष मुलग्यांत अधिक दिसतो आणि पारशी समाजासह आपल्याकडील काही समाजांत तो सुपरिचित आहे. नॅप्थलीन स्नेहात विरघळते, हे आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचे. आपण सांगितलेल्या अभ्यंगानंतर तेलकट अंगावर असे दुपटे गुंडाळले तर त्याचे शोषण वाढते. अभ्यंग लिहून देताना कपडे कोठे ठेवले होते हा प्रश्न म्हणून विचारावाच. बालक फिकट दिसू लागले, डोळे पिवळे झाले, लघवी काळ्या चहासारखी झाली तर औषधोपचारात वेळ न दवडता रुग्णालयात पाठवावे. युरोपीय संघाने अशा गोळ्यांची विक्री २००८ साली बंद केली. आपल्याकडे त्या वाणसामानाबरोबर मिळतात. पूर्वी अशा गोळ्यांत ठेवलेले कपडे दोन-तीन दिवस उन्हावाऱ्यात पसरून, पुन्हा धुऊन, वास पूर्ण गेल्यावरच वापरावेत.

धुण्याबद्दल थोडेसे. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी मचूळ, टँकरचे पाणी जड. साबण निघत नाही व कापड ताठ होते. साबण कमी, खळबळणे जास्त, हे सूत्र ठेवावे. जुलै-ऑगस्टमध्ये लंगोट ओलसर राहिले तर जांघेत बुरशी धरते. आतल्या बाजूने इस्त्री फिरवणे हा सोपा उपाय आहे.

धूपनाचे द्रव्यसमूह चरकांनी सांगितले आहेत, काश्यपसंहितेत तर त्यासाठी स्वतंत्र धूपकल्पाध्याय आहे. आमचा आग्रह असा की धूपन वस्त्रांचे करावे, बालकाचे नव्हे. एका खोलीच्या बंद सदनिकेत निखाऱ्यावर ऊद-धूप घालून बाळाला त्यावर धरण्याची पद्धत आम्ही रुग्णांना बंद करावयास सांगतो. धुराने श्वसनाला त्रास होतोच. शिवाय केसाळ फ्लॅनेलच्या पृष्ठावर ज्वाला क्षणात पसरते आणि नायलॉन-पॉलिस्टर वितळून त्वचेला चिकटते. अमेरिकेत मुलांच्या रात्रवस्त्रांना आग लागू नये म्हणून ‘ट्रिस’ नावाचे रसायन लावले जात असे. ते कर्करोगजनक असल्याचे आढळल्यावर १९७७ साली त्यावर बंदी आली. तेव्हा रसायनापेक्षा अंतर बरे. गुग्गुळ, वेखंड, मोहरी, कडुनिंबाची पाने यांचा धूप गॅलरीत करावा, दोरीवरच्या कपड्यांना उंचावरून लागू द्यावा, आणि तासभर हवा लागल्यावर कपडे आत आणावेत.

ट्रंकेसाठी वेखंडाच्या कांडांची व सुकवलेल्या कडुनिंबाच्या पानांची जाड कापडात शिवलेली पुरचुंडी पुरते. कापूर त्यात घालू नये. मुलाने तो गिळला तर झटके येतात. अशा पुरचुंड्या औषधालयात गल्ल्याजवळ ठेवल्या आणि डांबरगोळ्या मागणाऱ्या प्रत्येक ग्राहकास ‘घरात तान्हे मूल आहे का?’ एवढे विचारले, तरी बाळंतविड्याची ट्रंक उघडण्यापूर्वीच त्या घराला सावध करता येईल.