विश्लेषण : मालगाडीच्या इंजिनाची चाकं लहान का असायची? खानदेशात धावलेल्या ‘बेसा’ इंजिनांची गोष्ट

खानदेशातल्या कापसाच्या गाठी मुंबईला पोहोचवायचं काम शंभर वर्षांपूर्वी वाफेच्या इंजिनांकडे होतं. जीआयपी रेल्वेचा मुख्य मार्ग चाळीसगाव, पाचोरा, जळगाव असा भुसावळला येतो. तिथून एक फाटा नागपूरला, दुसरा खंडव्याकडे जातो. १९०० मध्ये चाळीसगाव-धुळे मार्गही सुरू झाला. माल वाढला, तशी दमदार इंजिनं लागू लागली.

‘बेसा’ म्हणजे काय?

त्याआधी प्रत्येक रेल्वे कंपनी आपापल्या पसंतीची इंजिनं मागवायची. एकाचा सुटा भाग दुसऱ्याला बसत नसे आणि नवा भाग बोटीने विलायतेहून यायचा. यावर तोडगा म्हणून ब्रिटनमधल्या मानक समितीने भारतासाठी ठरावीक नमुने तयार केले. पहिले नमुने १९०३ मध्ये आले. या समितीचं पुढचं नाव ‘ब्रिटिश इंजिनीअरिंग स्टँडर्ड्स असोसिएशन’. त्याची आद्याक्षरं म्हणजे ‘बेसा’.

मालगाडीचं इंजिन वेगळं कसं?

साध्या मालगाडीसाठी ०-६-० आणि जड मालगाडीसाठी २-८-० असे नमुने होते. यातला मधला आकडा चालक चाकांचा. ही चाकं लोखंडी दांड्यांनी एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे सगळी एकदमच फिरतात. ०-६-० मध्ये इंजिनाचा सगळा भार याच सहा चाकांवर पडतो. म्हणून रुळांवरची पकड घट्ट राहते आणि चाकं जागच्या जागी घसरत नाहीत.

प्रवासी इंजिनाची चालक चाकं ६ फूट २ इंच व्यासाची होती, तर ०-६-० ची ५ फूट दीड इंच. २-८-० ची त्याहून लहान, ४ फूट साडेआठ इंच. चाक लहान असलं की एका फेरीत अंतर कमी कापलं जातं, पण ओढण्याचा जोर वाढतो. सायकलचा गिअर चढावर बदलावा, तसंच हे.

पुढे या इंजिनांना ‘सुपरहीटर’ बसवले गेले. बॉयलरमधली वाफ पुन्हा तापवून कोरडी केली की तेवढ्याच कामाला कोळसा आणि पाणी कमी लागतं. खानदेशात कोळशाच्या खाणी नाहीत. सगळा कोळसा बाहेरून यायचा, त्यामुळे ही बचत मोलाची होती.

फायदा कोणाचा झाला?

सुटे भाग सारखे झाल्याने दुरुस्ती सोपी झाली. पण कारखान्यांच्या ऑर्डरी प्रामुख्याने ब्रिटनलाच मिळत राहिल्या. खरं तर अजमेरच्या कारखान्यात १८९५ मध्येच भारतात पहिलं इंजिन तयार झालं होतं. तरीही मोठ्या प्रमाणावर इंजिनं बनवणारा चित्तरंजनचा कारखाना सुरू व्हायला १९५० उजाडलं.

इगतपुरी-भुसावळ मार्गावर १९६० च्या दशकाच्या अखेरीस विजेची इंजिनं आली. पाकिस्तानात मात्र ‘बेसा’ नमुन्याची काही इंजिनं विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत धावत होती.