ड्रिबल नेमकं संपतं कधी?

देपालपूरला शाळेच्या मैदानावर मॅच असो की इंदूरला रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सात, बाहेरून एक आरोळी हमखास येते, "सर, डबल है!" पंचांनी शिट्टी वाजवली नाही की ते लगेच पक्षपाती ठरतात. पण बऱ्याचदा नियम आपणच अर्धा ऐकलेला असतो.

जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला, वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत हा खेळ तयार केला. त्यांच्या मूळ १३ नियमांत ड्रिबल नव्हतंच. बॉल घेऊन पळायचं नाही, जिथे पकडला तिथूनच फेकायचा. टप्पे मारत पुढे जाणं ही नंतर रुळलेली वाट, म्हणून तिला मर्यादाही आहे.

आजच्या फिबाच्या नियमांत ड्रिबल दोन प्रकारे संपतं: बॉलला दोन्ही हात एकाच वेळी लागले, किंवा तो एका वा दोन्ही हातांत विसावला. त्यानंतर पुन्हा टप्पा मारत निघालं की डबल ड्रिबल. बॉल समोरच्या टीमला.

गोंधळ होतो तो निसटलेल्या बॉलमुळे. समजा, पास घेताना बॉल हातातून सुटला, खाली आपटला, खेळाडूने उचलला आणि मग ड्रिबल सुरू केलं. आपल्याला टप्पे दोनदा दिसले, पण पहिल्या वेळी बॉल ताब्यातच नव्हता, म्हणजे ते ड्रिबल नव्हे. ड्रिबल संपवताना बॉल निसटला तरी तो परत पकडता येतो. फक्त पुन्हा ड्रिबल करता येत नाही. मात्र मधे प्रतिस्पर्ध्याचा हात बॉलला लागून ताबा सुटला, तर नवीन ड्रिबल चालतं.

'कॅरी'चंही तसंच. बॉल डोक्याएवढा उसळला म्हणून काही कॅरी होत नाही. हात बॉलच्या खाली गेला आणि बॉल क्षणभर त्यावर टेकला, तर ड्रिबल तिथेच संपलं.

म्हणजे सगळा अर्थ 'विसावला' या एका क्रियापदात आहे, आणि त्याचा निर्णय पंचांना डोळ्याची पापणी लवते तेवढ्या वेळात करायचा असतो. आपण बाहेरून टप्पे मोजतो, ते हात बघत असतात. पुढच्या मॅचला ओरडण्याआधी आपणही जरा हाताकडे बघू या. आणि शिट्टी वाजलीच, तर खूण बघा: तळवे खाली-वर हलले तर डबल ड्रिबल, तळवा अर्धा फिरला तर कॅरी.