मुसोलिनीचा साधा प्रश्न

जबलपुरात संरक्षण हा विषय कारखान्याच्या पाळीबरोबर घरात येतो. तोफगाड्यांचा कारखाना, म्हणजे इथल्यांच्या तोंडची जीसीएफ, १९०४ची. मग खमरियाचा दारूगोळ्याचा, मग वाहनांचा कारखाना. या वसाहतींतून वाढलेली मराठी मुलं ‘सिक्युरिटी स्टडीज’साठी युरोपातलं कोणतं विद्यापीठ निवडावं असं विचारतात, तेव्हा मला डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे आठवतात. त्यांच्या रोजनिशीचं मला जुनं वेड.

मुंजे जबलपूरही ज्यात होतं त्याच जुन्या मध्य प्रांतातले. जन्म बिलासपूरचा, कर्मभूमी नागपूर. पेशानं नेत्रवैद्य, संस्कृतात नेत्रचिकित्सेवर ग्रंथ लिहिणारा हा माणूस बोअर युद्धात वैद्यकीय पथकात जाऊन आला होता. लष्करी शिक्षणाचा ध्यास पक्का. गोलमेज परिषदेहून परतताना, मार्च १९३१ मध्ये, ते रोमला उतरले. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनीतल्या लष्करी शाळा आधीच पाहून झाल्या होत्या.

१९ मार्चला त्यांनी लष्करी महाविद्यालय, शारीरिक शिक्षणाच्या संस्था आणि ‘बालिल्ला’ ही फॅसिस्ट मुलांची संघटना पाहिली. दुपारी पालाझ्झो व्हेनेझियात मुसोलिनीची भेट. इटालियन अभ्यासक मार्झिया कासोलारी यांनी २०००मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखामुळे रोजनिशीतली ही नोंद गाजली, आणि वादही तिथूनच पेटला. मुसोलिनीच्या भेटीचा राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी धागा जोडणारे आणि तोडणारे दोघेही ती भेट तेवढी वाचतात. माझी नजर अडते ती मधल्याच एका ओळीवर. मुसोलिनीनं विचारलं, विद्यापीठ पाहिलंत का? मुंजे म्हणाले, मला मुलांच्या लष्करी शिक्षणात रस आहे.

हुकूमशहानं विद्यापीठाची चौकशी करावी आणि डॉक्टरानं ती बाजूला सारावी! शिस्तबद्ध रांगा त्यांना भावल्या. त्या रांगांना हुकूम देणाऱ्याला जाब कोण विचारणार, हे नोंदीत नाही. १९३७ साली नाशिकला मुंज्यांनी भोसला मिलिटरी स्कूल उभं केलं. मुंज्यांची चिकाटी मला मान्य आहे, पण त्यांची पारख नाही.

आजचे सुरक्षा-अभ्यासक्रम नेमके मुंज्यांनी बाजूला सारलेल्या त्या विद्यापीठाच्या दाराआडचे आहेत. ग्लासगो, डब्लिन, ट्रेंटो, प्राग इथल्या विद्यापीठांचा संयुक्त दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम असो की लंडनच्या किंग्ज कॉलेजचा युद्ध-अभ्यास विभाग, तिथं कवायत नसते. गुप्तवार्ता, दहशतवाद, युद्धाचा इतिहास आणि शेवटी प्रबंध. गणवेश मिळत नाही. त्या देशांच्या गुप्तचर खात्यांतली नोकरीही परक्या नागरिकाला सहसा मिळत नाही, हे कर्ज काढण्याआधी आईबापांनी ऐकून ठेवावं. युरोपीय संघाची इरॅस्मस मुंडुस शिष्यवृत्ती मिळाली तर गोष्ट वेगळी.

तेव्हा माहितीपत्रकातले किल्ले आणि पूल पाहू नका, विषयांची यादी उघडा. लष्करावर आणि गुप्तचरांवर नागरी सत्तेचा वचक कसा राहतो, यावर एकही पेपर नसेल, तर ते विद्यापीठ खुशाल खोडून टाका.