वैमानिकाच्या तासांची वही

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. आपल्या रसायनी, खालापूर, कर्जतकडच्या मुलांना विमान आता फार दूरचे राहिले नाही. वर्गात एखादी मुलगी विचारते, “गुरुजी, वैमानिक व्हायचे तर काय लागते?” गणित, विज्ञान आणि इंग्रजी हवेच. पण आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे वही.

या वहीला लॉगबुक म्हणतात. वैमानिकाने किती तास उड्डाण केले, ते तीत लिहायचे. आपल्याकडे व्यावसायिक परवान्याला किमान २०० तास लागतात; त्यांपैकी १०० तास उमेदवार स्वतः विमानाचा प्रमुख असावा लागतो. त्यावरच्या, म्हणजे प्रवासी विमानाच्या कप्तानाच्या परवान्याला १५०० तास.

आता हा तास मोजायचा कसा? समजा, विमान उड्डाणासाठी ९ वाजून १० मिनिटांनी जागचे हलले, ९-२० ला आकाशात चढले, १०-१५ ला उतरले आणि १०-२५ ला जागेवर येऊन थांबले. वहीत किती लिहाल? ५५ मिनिटे नव्हे, सव्वा तास. उड्डाणासाठी चाक प्रथम हलल्यापासून शेवटी थांबेपर्यंतचा वेळ धरतात.

पण तो तास कोणाच्या खाती? इथे खरी मेख आहे. शिक्षक मंडळींना सरावपाठ आठवत असेल. फळ्यापुढे शिकाऊ उमेदवार उभा असतो. वर्गाची जबाबदारी मात्र मागे बसलेल्या गुरुजींची. विमानातही तसेच. शिक्षक शेजारी असेल, तर शिष्याने तो वेळ ‘शिक्षणाचा’ म्हणून लिहावा. प्रमुखाचा तास शिक्षकाचा. शिष्य एकटा उडाला, म्हणजे प्रमुखाचा तास त्याचा.

सहवैमानिकाचे काय? ज्या विमानाला बांधणीपासूनच दोन वैमानिक लागतात, त्यावरचा सहवैमानिकाचा वेळ वरच्या परवान्यासाठी पुरा धरतात. विमान एकट्याने चालवण्याजोगे असून केवळ सरकारी नियमामुळे दुसरा वैमानिक बसवला असेल, तर आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे त्याचा निम्म्याहून जास्त वेळ धरत नाहीत. कप्तानाच्या देखरेखीखाली सहवैमानिकाने प्रमुखाचे काम केले, तर तशी वेगळी नोंद होते. नुसते प्रवासी म्हणून बसलात, तर एक मिनिटही नाही.

एवढी काटेकोर मोजणी कशाला, असे कोणी म्हणेल. तर ऐका. २०११ साली आपल्या देशात बनावट गुणपत्रिकांवर वैमानिकांचे परवाने मिळवल्याची प्रकरणे उघड झाली, अटका झाल्या. न केलेल्या उड्डाणांचे तास वहीत भरल्याचीही चौकशी झाली. परीक्षेत चोरून गुण मिळवणारा स्वतःचे नुकसान करतो. वहीत खोटा तास लिहिणारा मागे बसलेल्या शेकडो माणसांचा जीव टांगणीला लावतो. वारे उलटले, पाऊस कोसळला, धावपट्टी दिसेना, की वहीतला खोटा तास कामी येत नाही. हातांना सवय असते ती खऱ्या तासांचीच.

म्हणून पालकांनो, जमीन गहाण टाकून किंवा कर्ज काढून मुलाला या शिक्षणाला धाडाल, तर फीच्या पावतीइतकीच त्याची वहीही पहा. प्रत्येक उड्डाणाची नोंद त्याच दिवशी झाली का? विमानाच्या नोंदीशी ती जुळते का? शिक्षकाची सही आहे का? ‘पैसे भरा, तास आम्ही भरू’ असे कोणी म्हणाले, तर मुलाला तिथून सरळ घरी आणा.