प्रकृतीचे पाणी : एका अवदानकथेचा प्रतीकार्थ

अभिजात साहित्य वाचताना 'अमुक वस्तू कशाचे प्रतीक आहे?' हा प्रश्न आपण चटकन विचारतो आणि त्याचे उत्तरही चटकन देऊन मोकळे होतो. कमळ म्हणजे पावित्र्य, दिवा म्हणजे ज्ञान, पाणी म्हणजे जीवन, अशी एक यादीच आपल्या मनात तयार असते. परंतु प्रतीकाचा अर्थ यादीत सापडत नाही. ते कोणाच्या हाती आहे, ते हाती घेतल्यानंतर त्या पात्राचे पुढे काय होते आणि लेखक त्या पात्राला कोठे नेऊन थांबवितो, यावर तो अर्थ ठरतो. चांडालकन्या प्रकृतीची कथा या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. एकच कथा, एकच पाणी. पण ती सांगणाऱ्यांनी तिचा शेवट निरनिराळ्या ठिकाणी केला आणि त्याबरोबर पाण्याचा अर्थही बदलला.

मूळ कथा

ही कथा पालि त्रिपिटकात नाही. ती 'दिव्यावदान' या संस्कृत बौद्ध ग्रंथातील 'शार्दूलकर्णावदाना'त येते. श्रावस्तीत पिंडपात आटोपून आनंद पाणवठ्यावर जातो. तेथे मातंगकन्या प्रकृती पाणी भरीत असते. आनंद तिला भगिनी म्हणून संबोधतो व पाणी मागतो. आपण मातंगाची कन्या आहोत, असे ती सांगते. आपण कुळ वा जात विचारलेली नाही, पाणी असेल तर द्यावे, एवढेच आनंद उत्तरतो. ती पाणी देते व त्याच्यावर अनुरक्त होते. तिच्या आग्रहावरून मंत्रविद्या जाणणारी तिची आई आनंदाला मंत्रबळाने घरी ओढून आणते. तथागतांच्या प्रभावाने तो त्यातून मुक्त होतो.

प्रकृती त्याचा पाठलाग सोडीत नाही. अखेर ती तथागतांसमोर येते. ते तिला झिडकारीत नाहीत. तिची इच्छा विचारतात, तिच्या मातापित्यांची संमती विचारतात, आणि आनंदाचा सहवास हवा असेल तर आनंदाचा वेष धारण करावा लागेल, असे सांगतात. ती मुंडन करते, भिक्षुणी होते व अर्हत्पदाला पोहोचते.

येथे कथा संपत नाही. चांडालकन्येला प्रव्रज्या दिल्याचे कळताच श्रावस्तीतील ब्राह्मण, क्षत्रिय व गृहपती क्षुब्ध होतात आणि राजा प्रसेनजितासह तथागतांकडे जाब विचारण्यास येतात. तेव्हा तथागत पूर्वजन्मीची कथा सांगतात. मातंगराजा त्रिशंकू आपला पुत्र शार्दूलकर्ण याच्यासाठी ब्राह्मण पुष्करसारीच्या कन्येला मागणी घालतो. पुष्करसारी संतापतो. त्यावर त्रिशंकू जातिभेदाचे सविस्तर खंडन करतो. पशुपक्ष्यांत व वृक्षांत आकाराचे जसे स्वाभाविक भेद दिसतात, तसे माणसामाणसांत दिसत नाहीत, हा त्याचा मुख्य युक्तिवाद. सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्ताशी परिचित असणाऱ्या वाचकाला या युक्तिवादाचे मूळ कोठे आहे, हे वेगळे सांगावयास नको. अखेर पुष्करसारी निरुत्तर होतो व विवाहास संमती देतो. या पूर्वकथेतील ब्राह्मणकन्या म्हणजेच आजची मातंगकन्या प्रकृती होय.

पाणी कोण देते?

या कथेचे वर्णन बहुधा 'आनंदाची करुणा' असे केले जाते. ते अपुरे आहे. दृश्य नीट पाहिले तर तहानलेला आनंद आहे, याचक आनंद आहे. दात्री प्रकृती आहे. पालि परिभाषेत सांगावयाचे तर ती 'दायिका' आणि तो 'पटिग्गाहक' आहे. समाजाने जिला कायम घेणाऱ्याच्या, तेही उरलेसुरले घेणाऱ्याच्या जागी बसविले, ती येथे देणाऱ्याच्या जागी उभी आहे.

पालि विनयाच्या प्रकाशात हा प्रसंग अधिकच अर्थपूर्ण ठरतो. कोणी न दिलेला आहार भिक्खूने मुखात घालू नये, असा पाचित्तियातील नियम आहे. परंतु पाणी व दंतकाष्ठ यांना त्यातून वगळले आहे. म्हणजे पाणी दुसऱ्याच्या हातून घेतलेच पाहिजे, असे बंधन या नियमाने भिक्खूवर घातलेले नाही. तरीही आनंद मागतो, आणि तिने आपले कुळ सांगितल्यावर पुन्हा मागतो. कथेचा सारा भार या दुसऱ्या मागणीवर आहे. पहिली मागणी अजाणता झाली असे म्हणता येईल. दुसरी जाणून केलेली आहे.

अस्पृश्यतेने पाण्याच्या दोन वाटा अडविल्या होत्या. सार्वजनिक पाणवठ्याचे पाणी अस्पृश्यांनी घ्यावयाचे नाही, ही एक. आणि अस्पृश्याच्या हातचे पाणी कोणी प्यावयाचे नाही, ही दुसरी. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतले, तेव्हा पहिली वाट मोकळी करण्याचा हक्क उच्चारला गेला. प्रकृतीच्या कथेत दुसरी वाट मोकळी होते. दोन्ही ठिकाणी पाणी तहानेपुरते राहत नाही. ते माणूसपणाच्या मान्यतेचे प्रतीक होते.

कथेचे आधुनिक अवतार

राजेंद्रलाल मित्र यांनी नेपाळातील संस्कृत बौद्ध वाङ्मयाविषयीचा आपला ग्रंथ १८८२ साली प्रसिद्ध केला. त्यात या अवदानाचा सारांश आहे. तो वाचून रवींद्रनाथ ठाकुरांनी १९३३ साली 'चंडालिका' हे नाटक लिहिले व १९३८ साली त्याला नृत्यनाट्याचे रूप दिले. काळ ध्यानात घ्यावा. सप्टेंबर १९३२ मध्ये पुणे करार झाला होता आणि गांधीजींचे उपोषण सुटले तेव्हा रवींद्रनाथ येरवड्यास उपस्थित होते. अस्पृश्यतेचा प्रश्न त्यांच्यासमोर ऐरणीवर होता.

रवींद्रनाथांची प्रकृती तेजस्वी आहे. पाणी देण्याचा क्षण तिला नव्या जन्मासारखा वाटतो. जो धर्म आपला अपमान करतो तो आपण का मानावा, असे ती आईला विचारते. नृत्यनाट्यात फुले, दही व बांगड्या विकणारे तिला कसे दूर ठेवतात, हे प्रारंभीच दाखवून नाटककाराने तिच्या दुःखाला सामाजिक भूमी दिली आहे. परंतु पुढे नाटकाचा केंद्रबिंदू सरकतो. मंत्र आणि मायादर्पण ही प्रतीके पाण्याची जागा घेतात. दर्पणात आनंदाची यातना आणि त्याचे मावळलेले तेज पाहून प्रकृती कळवळते. आई मंत्र मागे घेते व मरण पावते. प्रकृती क्षमा मागते आणि नाटक संपते.

अवदानातील दोन गोष्टी येथे उरत नाहीत: प्रकृतीची प्रव्रज्या आणि जातिभेदावरील वाद. परिणामी नाटकाच्या शेवटी अपराधी कोण ठरते, हे पाहावे. ज्या समाजाने तिला विहिरीच्या कडेला उभे केले, तो तेव्हा रंगभूमीवर नाही. पश्चात्ताप एकट्या प्रकृतीच्या वाट्याला येतो. वासनेने दुसऱ्याला बांधू पाहणारी शक्ती हा मंत्राचा प्रतीकार्थ सूक्ष्म आहे, यात शंका नाही. पण त्या सूक्ष्मतेत प्रकृतीची सामाजिक वाट अर्ध्यावर राहिली.

याउलट उदाहरण केरळातील आहे. नारायण गुरूंचे शिष्य आणि श्रीनारायण धर्म परिपालन योगमचे चिटणीस राहिलेले कवी कुमारन् आशान यांनी १९२२ साली याच कथेवर 'चंडालभिक्षुकी' हे मल्याळम काव्य लिहिले. आशान स्वतः अवर्ण मानल्या गेलेल्या ईळव समाजातील होते. त्यांची नायिका मातंगी पाणी देते, विहारात येते, भिक्षुणी होते. त्यावर उच्चवर्णीयांचा क्षोभ उसळतो, राजा येतो आणि तथागत जातिभेदाचे खंडन करतात. रवींद्रनाथांनी जेथे पडदा पाडला, त्याच्या पलीकडचा प्रदेश आशानांनी काव्याचा गाभा मानला. प्रतिभेच्या तरतमभावाचा हा प्रश्न नाही. कथेकडे कोणत्या बाजूने पाहिले, याचा हा फरक आहे.

बाबासाहेबांची मांडणी

१९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही प्रकृती आहे, आणि तिचे स्थान लक्षणीय आहे. स्त्रियांच्या धम्मदीक्षेच्या प्रकरणात महाप्रजापती गौतमी व यशोधरा यांच्या दीक्षेनंतर लगेच चांडालिका प्रकृतीची दीक्षा येते. राजकुलातील स्त्रिया आणि चांडालकन्या एकाच प्रकरणात, एका पाठोपाठ एक. हा क्रमच एक विधान आहे. त्यात पूर्वजन्मीची कथा नाही. ती गाळल्याने युक्तिवाद दुर्बळ झाला, असे कोणी म्हणेल; पण तसे झालेले नाही. पूर्वजन्मी ती ब्राह्मणकन्या होती, म्हणून आज तिला प्रवेश मिळाला, असा विपरीत अर्थ त्या कथेतून काढण्याची वाट मोकळी राहते. बाबासाहेबांच्या मांडणीत प्रकृतीला कोणत्याही पूर्वीच्या कुळाचा आधार घ्यावा लागत नाही. ती जशी आहे तशी, या जन्मीची चांडालकन्या म्हणून, संघात येते. थेरगाथेतील सुनीत स्थविरही असाच, निर्माल्य झाडणारा म्हणून संघात आला होता.

वाचकाने काय पाहावे?

यावरून अभिजात कृतीच्या वाचनाची एक कसोटी हाती येते. प्रतीकाचा अर्थ ठरविण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. ती वस्तू देणारा कोण व घेणारा कोण? कथेत ज्याच्यावर अन्याय झाला, शेवटी त्याच्या हाती काय उरते? आणि अन्याय करणाऱ्याला उत्तर द्यावे लागते की नाही? हे प्रश्न 'चंडालिके'ला विचारावेत, तसेच शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तील संवाहकाला, म्हणजे जुगारापायी कर्जबाजारी होऊन पुढे भिक्षू झालेल्या मनुष्याला विचारावेत. ज्या पात्रांना टीकाकार गौण म्हणून बाजूला सारतात, ती अनेकदा या प्रश्नांपुढे मोठी होतात.

आपल्या विहारांतून ही कथा मुलांना सांगितली जाते आणि पुष्कळदा ती आनंदाने पाणी पिण्यापाशीच संपविली जाते. ऐकणाऱ्या मुलीच्या मनात मग एवढेच राहते की, एका थोर भिक्षूने मोठ्या मनाने एका हीन मानल्या गेलेल्या मुलीच्या हातचे पाणी घेतले. कथेतील सर्वांत मोठी घटना तिला कळतच नाही. ती घटना अशी की, जी पाणवठ्यावर आपली जात सांगून मागे सरली होती, तीच पुढे चीवर धारण करून संघात बसली, आणि तिच्या तेथे बसण्याबद्दल जाब विचारण्यास आलेल्या राजाला व ब्राह्मणांना खुद्द तथागतांनी उत्तर दिले. मुलांना कथा सांगताना ती तेथपर्यंत न्यावी.