माल उतरला, माणसे चढली

शिडाच्या जहाजावरची सुट्टी म्हटले की डोळ्यांसमोर निळे पाणी आणि आरामखुर्ची येते. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर अशी सुट्टी गेली कित्येक दशके मिळते आहे. तिचा इतिहास धुंडाळताना मला मात्र आधी भेटला तो चुना.

पेनॉब्स्कॉट उपसागरावरच्या रॉकलंड बंदरातून पिंपे भरभरून चुना निघे आणि तो वाहत ‘स्कूनर’ जातीची लाकडी जहाजे. तळात पाणी शिरून चुन्याला लागले की तो तापे आणि लाकूड पेटे. पाणी ओतावे तर आग वाढणार! मग खलाशी चुन्याचाच गिलावा करून फळ्यांच्या फटी लिंपत आणि आत कोंडलेली आग विझायची वाट पाहत. दिवाळीआधी घरी चुना भिजवताना पाहिलेल्यांना ही धग सांगायला नको.

स्कूनरची शिडे जहाजाच्या लांबीत बसवलेली असतात आणि डेकवरूनच चढवता येतात. त्यामुळे माणसे थोडी लागतात, मजुरी वाचते. म्हणूनच आगबोटींच्या काळातही ही जहाजे दगड, विटा, लाकूड वाहत तग धरून राहिली. पुढे ट्रक आले आणि ती खाड्यांत कुजू लागली.

1936 साली कॅम्डेनच्या फ्रँक स्विफ्ट यांनी अशा जुन्या स्कूनरवर पैसे घेऊन पाहुणे नेण्यास सुरुवात केली. मालाच्या कोठारात झोपण्याच्या खोल्या झाल्या. ‘स्टीफन टेबर’ आणि ‘लुईस आर. फ्रेंच’ ही दोन्ही जहाजे 1871 सालची. आजही त्यांवर पाहुणे जातात आणि आजही त्यांच्या पोटात इंजिन नाही. वारा पडला तर यंत्राची छोटी होडी मागून ढकलते.

शीड चढवायला पाहुणेच हात लावतात. शिडाच्या वरच्या कडेला एक लांब वासा असतो. त्याचे डोलकाठीकडचे टोक एका दोराने, बाहेरचे दुसऱ्याने वर जाते. म्हणून दोन रांगा लागतात. दोन्ही टोके जुळवून वर न्यावी लागतात. एक रांग पुढे धावली की शीड वेडेवाकडे ओढले जाते. पदरचे पैसे देऊन हमाली, असे कोणी हसेल. मला तो आक्षेप पटत नाही. हे काम पाहुण्यांसाठी रचलेला खेळ नव्हे. ते केल्याशिवाय जहाज हलत नाही. खोटे काही असेल तर ते एवढेच, की जळता चुना, हिवाळ्यातली वादळे आणि तुटपुंजी मजुरी या सहलीतून वगळली आहे. रात्री जहाज एखाद्या बेटाच्या आडोशाला नांगरते, आणि फार तर जेवण लाकडाच्या चुलीवर शिजते.

आपल्याकडे कौले आणि लाकूड वाहणाऱ्या फत्तेमाऱ्यांची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. त्यांत इंजिने बसली, शिडे उतरली. मग ट्रकांनी तोही माल नेला. मेनमध्ये जहाज वाचले, पण त्याचा धंदा गेला. मला यात एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. लाकूड कुजते, फळ्या आणि वासे बदलावेच लागतात. दीडशे वर्षांच्या जहाजात मूळ लाकूड किती, हा प्रश्न गौण. पाहुण्यांच्या पैशावर ते बदलू शकणारे सुतार आणि दोर हाताळणारे खलाशी तिथे अजून कामावर आहेत.